मेणातली भोकं

ती गेली तेव्हा मी दवाखान्यातच होतो. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, कागदांवर सह्यासुद्धा मीच केल्या, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण कळलं ते नंतर, एका सकाळी, कामाच्या खोलीत छान ऊन आलेलं असताना. मी हातमशीन उचललं, गिटारच्या काळ्या लाकडाच्या पट्टीवर वाकलो आणि मान वर न करता डावा हात मागे पसरला. आमच्या लग्नाइतकी जुनी सवय. हात पसरला की त्यात बिट यायचं. बिट म्हणजे लाकूड कोरायचं लहानसं पातं. लांबून टाचणी वाटते, जवळून बघितलं की पीळदार दात दिसतात. कोणतं बिट हवंय हे मी कधी सांगितलं नाही, तिने कधी विचारलं नाही. त्या सकाळी मात्र हातात काहीतरी गरम आलं, मी न बघताच ते मशीनच्या तोंडाशी नेलं, आणि मागून माझी मेहुणी ओरडली, "अहो भावोजी, चहा आहे तो!" निम्मा चहा पट्टीवर सांडला. मी सदऱ्याच्या बाहीने पट्टी पुसत होतो, मेहुणी फडकं शोधत होती, आणि तेवढ्या गडबडीत मला कळलं की ती नाहीये. आज नाहीये असं नव्हे. हात पसरल्यावर नाहीये.

आता या मेहुणीविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. बायकोची धाकटी बहीण. चार दिवसांसाठी म्हणून बॅग घेऊन आली, आणि बॅग अजून कोपऱ्यात तशीच आहे. हिला गप्प बसता येत नाही. म्हणजे तोंडाने तर येतच नाही, पण हातांनीही येत नाही. माणसं भेटायला यायची, डोळे पुसायची, आणि ही त्यांच्या पायाखालची चटई ओढून झटकायला न्यायची. आल्या आल्या स्वयंपाकघर आवरलं, मग कपाटं, मग माझे मोजे, जे मला आजतागायत सापडलेले नाहीत. शेवटी कामाच्या खोलीची पाळी आली. मी तेव्हा खिडकीत बसून रस्ता बघत होतो. मागे खुडखुड चालली होती, मला ती ऐकू येत होती, पण त्या दिवसांत मला सगळंच लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू यायचं. तर चहा सांडल्यावर मी म्हटलं, "असू दे, पट्टीला काही झालं नाही. ती मेणाची वडी दे जरा, बिटांची." मेहुणीचा चेहरा एकदम खुलला. "ती काय चिकट, घाणेरडी झाली होती! सगळी बिटं काढली, गरम पाण्याने धुतली, पुसली, आणि हे बघा." तिने माझ्यासमोर एक डबी ठेवली. सात कप्प्यांची, प्रत्येक झाकणावर वार लिहिलेला. बायकोच्या गोळ्यांची डबी. सोमवारात सगळ्यात जाड बिटं, मंगळवारात त्याहून बारीक, असं करत करत रविवारात केसासारखी. "जाडीप्रमाणे लावली," ती म्हणाली. "साबणाएवढ्या मेणात कशाला खुपसून ठेवायची? ताईला कसला म्हणून नीटनेटकेपणा नव्हता, मी लहानपणापासून बघतेय."

मी डबीकडे बघत राहिलो. छान लावली होती, त्यात वाद नाही. दुकानातसुद्धा अशी लावत नाहीत. पण माझ्या बायकोने ती बिटं जाडीप्रमाणे लावलेली नव्हती. एकाच जाडीची चार बिटं असतात, आणि चौघांचे स्वभाव वेगळे. एक नवंकोरं, हात जरा वाकडा पडला की कट्कन मोडणारं. एक थोडं वापरलेलं, शहाणं झालेलं. एक दात पडलेलं, आता फक्त खाचेचा तळ घासायच्या कामाचं. तिने त्यांना नावं ठेवली होती. नवं ते जावई: "सांभाळून हं, रुसला तर परत येत नाही." दात पडलेली ती म्हातारी. बारीक टोकाचं, खाचेच्या कोपऱ्यात शिरून सगळं उकरून बाहेर काढणारं ते सासू. आणि एक होतं ते दिसायला सगळ्यांत देखणं, पण लाकडाला लागलं की किरकिर किरकिर एवढा आवाज करायचं की बोलणं ऐकू येऊ नये. त्याचं नाव मेहुणी. हे मेहुणीला माहीत नव्हतं. ही सगळी मंडळी मेणाच्या वडीत आपापल्या जागी उभी असायची, आणि कोण कुठे हे फक्त तिला ठाऊक. मी विचारायचो, "सासू कुठली?" ती म्हणायची, "तुम्ही कोरा. माणसं ओळखायचं काम माझ्याकडे." तिचं काम तेवढंच नव्हतं. शिंपल्याची पानं सोनाराच्या करवतीने कापायची ती. पानांच्या आकाराची खाच लाकडात पाडायचो मी. मग पान खाचेत बसवायचं, आणि ते बसवताना दोघं श्वास धरून. बसलं तर ती जीभ बाहेर काढायची, शाळेतल्या पोरीसारखी. नाही बसलं तर माझ्या हाताकडे बघून म्हणायची, "तुमच्या हातात बिट नाही, कुदळ द्यायला पाहिजे."

"काय झालं?" मेहुणी म्हणाली. "चुकलं का काही?" मी म्हटलं, "नाही, छान आहे. वार लिहिलेत ते बरं झालं." आणि आठवतंय, हे बोलताना मला आतून जरा हसू येत होतं. मला भीती वाटली की आता हसलो तर थांबता येणार नाही, आणि मेहुणीला वाटेल की मला काहीतरी झालं. म्हणून मी सोमवार उघडला आणि बंद केला. माणूस इतकी वर्षं एका बाईबरोबर एका खोलीत बसतो आणि त्याला आपलीच हत्यारं ओळखता येत नाहीत, ही गोष्ट बाहेर कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आणि बाहेरचा माणूस त्याच दुपारी आला. मास्तर. मुलांना गिटार शिकवतो, पट्टी त्याचीच. वेलीची नक्षी त्यानेच मागितली होती, आणि वेल कुठून कुठे वळायची हे तिने काळ्या लाकडावर पांढऱ्या पेन्सिलीने काढलं होतं. निम्म्याहून जास्त पानं बसली होती. उरलेली शिंपल्याची पानं तिने कापून एका बशीत ठेवली होती, बशीवर दुसरी बशी उलटी, वारा लागू नये म्हणून. मास्तर खुर्चीच्या कडेला बसला, आपल्या गुडघ्यावर बोटं वाजवत. चांगला माणूस. म्हणाला, "काका, घाई नाही. पण तुम्हाला जड जात असेल तर माझ्या ओळखीचा एक कारखाना आहे. कॉम्प्युटरवर खाच पाडतात. पान ठेवलं की मशीन त्याचा फोटो काढतं, हुबेहूब तसं कोरतं. केसाचा फरक पडत नाही. मी शनिवारी येतो, पट्टी आणि पानं घेऊन जातो. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी हो म्हटलं. लगेच. मग मास्तर जिना उतरून गेला आणि मी बशीवरची बशी उचलली. पानं म्हणजे नखाएवढी, काही नखाच्या अर्ध्याएवढी, आतून निळी-हिरवी. एकही दुसऱ्यासारखं नाही. ती करवत धरायची तेव्हा तोंडाने काहीतरी बडबडत असायची, मधेच खिडकीतून खाली भाजीवाल्याशी भांडायची, त्यामुळे कुठे करवत जरा वळली, कुठे थांबली, सगळं पानात दिसायचं. एका पानाच्या बाजूला छोटासा फुगवटा होता. तो मला आठवला. ती पान कापत होती आणि मी आत येऊन म्हटलं, "दवाखान्यातून फोन होता, बुधवारी बोलावलंय." ती म्हणाली, "बरं," आणि करवत पुढे नेली. फुगवटा तेव्हाचा. त्या मशीनने फोटो काढला असता, फुगवट्यासकट खाच पाडली असती, आणि केसाचा फरक पडला नसता, हे मला पटत होतं. मशीनवर माझा राग नाही. पण मला ते पान डोळ्यांसमोर आलं, कुठल्याशा मोठ्या दिव्याखाली, अनोळखी टेबलावर, आणि त्याच्याकडे बघून कुणीही जीभ बाहेर काढणार नाही. मी बशी झाकली. मनात म्हटलं, शनिवारपर्यंत बघू. निदान ते फुगवट्याचं तरी आपण बसवू.

दुसऱ्या दिवशी मी जावई मोडला. म्हणजे मोडल्यावर कळलं की तो जावई होता. शुक्रवारातून एक बिट काढलं, दिसायला शहाणं वाटलं, एका भंगार तुकड्यावर लावलं आणि कट्. टोक उडून कुठे गेलं दिसलंसुद्धा नाही. मग दुसरं घेतलं, ती निघाली म्हातारी. अर्धा तास घासली तरी लाकूड तिच्याकडे बघायला तयार नाही, नुसता धूर आणि जळका वास. खोलीत तो वास पसरला आणि मला एकदम आमचं पहिलं घर आठवलं, एकच खोली, त्यातच स्वयंपाक, त्यातच काम. तिथे ती एका हाताने भाकरी उलटायची आणि दुसऱ्या हाताने मला बिट द्यायची. एकदा मी पसरलेल्या हातात तिने गंमत म्हणून लसणाची पाकळी ठेवली होती आणि मी ती मशीनमध्ये लावायला गेलो होतो. हे तिने येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी गोष्टीत मी ती पाकळी मशीनला लावली, फिरवली, आणि तिची चटणी झाली. मी कधी खोडली नाही. चटणीची गोष्ट जास्त चांगली होती. "भावोजी, जळतंय काहीतरी!" मेहुणी धावत आली. मी म्हटलं, "म्हातारी जळतेय." ती दारातच उभी राहिली. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मग मला तिला सगळं सांगावं लागलं. जावई, म्हातारी, सासू. मेहुणीचं मी सांगितलं नाही. ती स्टुलावर बसली. बायकोच्या स्टुलावर. ऐकताना प्रथमच तिचे हात काही करत नव्हते, नुसते मांडीवर पडून होते, आणि ते बघून मलाच कसंतरी झालं. "म्हणजे मी घाण केली," ती म्हणाली. "अगं, नाही." "केली. मला वाटलं तिचं काहीतरी आवरून ठेवावं. दुसरं काय करणार होते? मला बसून रडता येत नाही हो भावोजी. बसलं की मला झोप येते." मी म्हटलं, "मला चालताना येतं रडू. म्हणून मी बसून राहतो." मग ती एकदम उठली. "मेण!" म्हणाली, "मेण आहे! टाकलं नाही मी. कपाटाचा खण अडकत होता, त्याच्या कडेला चोळायला ठेवलंय." आणि धावली. मीही धावलो. खरंच सांगतो, मोजे सापडत नसल्यामुळे अनवाणी, फरशीवर घसरत. खणाच्या तळाशी वडी होती, एक कोपरा झिजलेला, पण बाकी शाबूत. आणि त्यात भोकं. ओळीने भोकं, जिथे जिथे बिटं उभी असायची तिथे. मी म्हटलं, "झालं! आता एकेक बिट भोकात घालून बघायचं. जे ज्याच्या भोकात बसेल ते त्याचं घर. सगळी मंडळी परत आपापल्या जागी." मेहुणीने टाळ्या वाजवल्या. आम्ही वडी टेबलावर ठेवली, ऊन तिच्यावर येईल अशी. मी रविवारातलं सगळ्यात बारीक बिट उचललं आणि पहिल्या भोकात घातलं. बसलं. अगदी घट्ट. "बघितलंत!" मेहुणी म्हणाली. मी ते काढलं, सोमवारातलं सगळ्यात जाड घेतलं, आणि त्याच भोकात घातलं. बसलं. अगदी घट्ट.

आम्ही दोघं त्या भोकाकडे बघत राहिलो. मग मी दुसऱ्या भोकात घातलं. बसलं. तिसऱ्यात. बसलं. मेहुणी हळूच म्हणाली, "सगळी सगळ्यांत बसतायत का?" आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बिट मेणात उभं करतात ते दांड्यावर, दात वर. आणि दांडे सगळ्या बिटांचे एका मापाचे. मशीनच्या जबड्यात मावायला हवेत म्हणून. जगातल्या कुठल्याही दुकानातून घ्या, जाड घ्या, बारीक घ्या, दांडा तोच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पोटापाण्याचा धंदा आहे माझा. रोज तेच दांडे त्याच जबड्यात घालतोय, आणि धावताना मला ते आठवलं नाही. मी मेहुणीला सांगितलं. सांगता सांगता मला हसू फुटलं, आणि ते मी धरू शकलो नाही. मेहुणीने आधी माझ्याकडे घाबरून बघितलं, मग तीही फुटली. ती हसत हसत खाली बसली, फरशीवरच, वडी मांडीवर घेऊन. म्हणाली, "ताई असती तर काय म्हणाली असती?" मी म्हटलं, "म्हणाली असती, दोन गाढवं एका खोलीत, आणि मी नाही बघायला." आणि हे बोलल्यावर आम्ही आणखी हसलो, आणि हसता हसता मेहुणी रडायला लागली, बसल्या बसल्या, झोप न येता. मी तिला थांबवलं नाही. मी चालत नव्हतो तरी मलाही आलं. मग ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "चला, चहा टाकते," आणि स्वयंपाकघरात गेली. मी नुसतंच काहीतरी करायचं म्हणून एक बिट मशीनला लावलं आणि भंगार लाकडावर टेकवलं. किरकिर किरकिर. एवढा आवाज की स्वयंपाकघरातून हाक आली, "काय ते! कान फुटले!" मी मशीन बंद करून बिटाकडे बघितलं. देखणं. आणि मी मोठ्याने म्हटलं, "मेहुणी!" "काय?" आतून आवाज आला. मी म्हटलं, "तुला नाही."

तेव्हा मला ते आठवलं, जे मी इतकी वर्षं बघून न बघितल्यासारखं केलं होतं. काम चालू असताना ती नेहमी माझ्या मागे नसायची. अर्धा वेळ स्वयंपाकघरात. आणि तिथून ओरडायची, "बदला ते." मी काही बोललेलो नसायचो, मशीन चालूच असायचं. ती हात पुसत यायची, वडीतून दुसरं बिट काढून माझ्या हातात ठेवायची आणि परत जायची. मला वाटायचं तिला दिसतं. भिंतीपलीकडून कसं दिसेल? तिला ऐकू यायचं. जन्मभर वाद्यांच्या धंद्यात राहून मी बिटाचा आवाज ऐकत नव्हतो, कारण ऐकायला ती होती. मग मी डबी घेऊन बसलो. सोमवारपासून सुरुवात केली. एकेक बिट लावायचं, भंगारावर टेकवायचं, डोळे मिटायचे. म्हातारी सूं करते, दमल्यासारखी. नवी बिटं शीळ घालतात, पोरकट. मधली, शहाणी झालेली, ती गुणगुणतात, सरळ एका सुरात, आणि हात जरा जड पडला की सूर खाली येतो. म्हणजे मोडायच्या आधी सांगतात. मी ऐकलं की हात सैल सोडायचो. माझ्या हातात कुदळ द्यायला पाहिजे हे तिचं खरं होतं, पण तिने कुदळीसारख्या हाताला कुठली बिटं चालतील ती निवडून ठेवली होती. ओळखलं की मेणात उभं करायचो, तिच्या भोकांच्या दोन ओळी सोडून, माझ्या हाताला सोयीचं पडेल असं. तिची जागा कोणती होती ते मला माहीत नाही, आणि आता ते समजायची काही सोयही नाही. ही माझी जागा आहे. सासू सापडली शनिवारी सकाळी. शनिवारच्याच कप्प्यात, सगळ्यात मागे, दुसऱ्या बिटाखाली दडलेली. लाकडाला टेकवली तर आवाज जवळजवळ नाहीच, फक्त लाकूड कोपऱ्यातून भुगा होऊन वर येत राहिलं. मी फुगवट्याचं पान काढलं, त्याची कड पट्टीवर आखली, शहाण्या बिटाने मधलं कोरलं, म्हातारीने तळ साफ केला, आणि मग सासूला कोपऱ्यात सोडलं. आणि बघतो तर पानाचं टोक, जे मला नेहमी वाटायचं की तिने उगाच जरा गोल ठेवलंय, ते सासूच्या गोलाईइतकंच गोल. बिट गोल फिरतं, त्याने टोकदार कोपरा निघतच नाही, म्हणून तिने पान कापतानाच ते टोक त्या बिटाच्या मापाने घासलं होतं. कुठलं पान कुठल्या बिटाने बसायचं, ते पानालाच सांगून ठेवलं होतं.

मी पान खाचेवर ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं. श्वास धरलेला होता. ते आत गेलं, फुगवट्यासकट, आणि अंगठ्याला जरासं टिक् असं जाणवलं. मी न बघता हात मागे पसरला. हातात काही आलं नाही. काही यायला नकोच होतं, काम झालं होतं. मी तो हात तसाच थोडा वेळ ठेवला, मग पुढे आणून जीभ बाहेर काढली, कुणीतरी काढायला हवी म्हणून. दारात मेहुणी उभी होती. "भावोजी," ती म्हणाली, "तुम्ही बरे आहात ना?" मी म्हटलं, "बसलं बघ." तिने जवळ येऊन बघितलं, पानावरून बोट फिरवलं. "कड लागत नाही," म्हणाली. मग तिचं लक्ष वडीकडे गेलं. "हे असं उभं केलंय होय. आणि या देखण्या बिटाचं नाव काय?" मी म्हटलं, "त्याला अजून नाव नाही." तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. तिला कळलं असावं. म्हणाली, "ताई मोठी चावट होती."

मास्तर दुपारी आला तोवर मी आणखी दोन पानं बसवली होती. तो पट्टी खिडकीशी घेऊन गेला, उन्हात तिरकी धरली, पानं निळी झाली, हिरवी झाली. बोटं पट्टीवर वाजवली, तारा नसतानाच. "काका, मशीनकडे नाही नेत," म्हणाला. मी म्हटलं, "नको नेऊस." मग त्याने टोकाला बोट ठेवलं, जिथे वेल संपते. तिथे नुसती पांढरी पेन्सिल होती, एक अगदी बारीक पान, तांदळाच्या दाण्याएवढं. "हे कधी?" त्याने विचारलं. मी बशी उघडून दाखवली. बशीत बाकीची पानं होती, ते नव्हतं. ते कापायच्या आधीच दवाखान्याचा बुधवार आला होता. करवत तिची आहे, स्टुलाच्या खालच्या खणात, तिच्या हाताच्या मापाने दोरा गुंडाळलेली. मी ती आजवर हातात धरलेली नाही.

ते शेवटचं पान अजून कापायचं आहे.